कांद्याच्या मुळाशी

जानेवारी लागला की आमच्या लॅबच्या खिडकीत कांदे बसतात. जॅमच्या बरण्या, औषधाच्या जुन्या बाटल्या, कँटीनमधून आणलेले काचेचे पेले, ज्याचं तोंड बेताचं असेल त्यावर एकेक कांदा, बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजमध्ये मी जीवशास्त्राची प्रयोगशाळा सहायक आहे. मुलं ताई म्हणतात, सर नावाने हाक मारतात, आणि परीक्षेला आलेले एक्स्टर्नल ‘जरा चहाचं बघता का’ म्हणतात. शिकवायचं काम सरांचं. पण मुलांच्या भिंगाखाली जे येतं ते आदल्या आठवड्यात माझ्या हातून गेलेलं असतं.

कांदा कुठलाही चालत नाही. शेतातून नुकता काढलेला कांदा झोपलेला असतो, पाण्यावर आठवडाभर ठेवला तरी ढिम्म हलत नाही. मला हवा असतो चाळीत महिनोन्‌महिने पडून राहिलेला उन्हाळी कांदा, वरून कोंब डोकावायला लागलेला, म्हणजे गिऱ्हाईक ज्याला नाक मुरडतं नेमका तो. बाजारात मी कांदा उलटा करून बूड बघत बसते तेव्हा भाजीवाली विचारते, ‘बाई, खायला नेताय का पत्रिका बघायला?’ बुडाला सुकलेल्या मुळ्यांचा झुपका असतो, तो ब्लेडने खरवडून काढायचा, पण खालची गोल चकती दुखवायची नाही. नव्या मुळ्या तिच्याच कडेने फुटतात.

कोंब फुटणं हा माझा फायदा असला तरी शेतकऱ्याचा तोटा आहे. त्यावर उपाय म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावला एक विकिरण केंद्र उभं केलं. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांखालून कांदा नेतात. कांद्याच्या पोटात जो इवलासा अंकुर असतो त्याच्या पेशींमधला डीएनए त्या किरणांनी मोडतो, आणि डीएनए मोडलेली पेशी विभागायचं नाव घेत नाही. बाकीचा कांदा होता तसाच. चव तीच, डोळ्यांत पाणी तेच, आणि किरण काही कांद्यात राहून जात नाहीत. बाकीच्या, पूर्ण वाढलेल्या पेशींना इजा जाणवत नाही, कारण त्यांना आता विभागायचंच नसतं. कॅन्सरवरची रेडिएशनची ट्रीटमेंट याच फरकावर चालते, हे सर सांगतात तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो. घराघरांत कुणी ना कुणी असतंच.

तर मुळ्या. दोन-तीन सेंटिमीटर झाल्या की सकाळी कापायच्या. सकाळीच का, याचं पुस्तकी उत्तर असं की त्या वेळी विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात. माझाही अनुभव तोच, दुपारी कापलेल्या मुळ्यांत बघायला फारसं काही मिळत नाही. कापलेली टोकं लगेच ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात टाकायची, एकास तीन, ताजं बनवलेलं. पेशी त्या क्षणी जे करत असेल त्याच अवस्थेत जागच्या जागी थिजते. एक दिवस त्यात, मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. तिथे ती परीक्षेपर्यंत सुखाने राहतात.

पुढचं काम मुलांचं. मूळ वॉचग्लासमध्ये घ्यायचं, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ॲसिटोकार्मिन घालून स्पिरिट लॅम्पवर हलकं गरम करायचं. उकळलं की गेलं. ॲसिडने पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन सैल होतं आणि मूळ शिजलेल्या डाळीसारखं मऊ पडतं. कार्मिनचा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात, तो गुणसूत्रांवर, म्हणजे केंद्रकातल्या डीएनएच्या गुंडाळलेल्या धाग्यांवर, बसतो. रंग चढला की मुळाचं एक टोक गडद दिसतं, मिलीमीटर-दोन मिलीमीटरचं. तेवढंच हवं असतं. तिथल्या पेशी लहान, केंद्रकं मोठी, म्हणून रंग दाट. त्याच्या वरचा भाग नुसता लांबत जाणारा, त्यात विभाजन शोधणं म्हणजे वेळ घालवणं. दर बॅचला दोघं-तिघं गडद टोक फेकून उरलेला फिका दांडा मन लावून ठेचत असतात.

टोक स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, त्यावर ब्लॉटिंग पेपर, आणि सुईच्या मागच्या बाजूने टकटक. मग अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा तसूभरही सरकता कामा नये. सरकला की पेशी एकमेकींवर गुंडाळल्या जातात आणि कव्हरस्लिपचा ‘टक्‌’ असा आवाज येतो, तो लॅबच्या दुसऱ्या टोकाला असले तरी मला ओळखू येतो. जमलं तर पेशी एकेरी थरात पसरतात. आधी लो पॉवर, मग हाय पॉवर.

इथपर्यंत सगळं ठीक. भांडण पुढे आहे.

भिंगाखाली काय दिसतं? विटांच्या भिंतीसारख्या ओळीने पेशी, प्रत्येकीत एक गोल लालसर केंद्रक, बस्स. शंभर पेशी मोजल्या तर विभागणाऱ्या पाच-दहा. त्यातही बहुतेक पूर्वावस्थेत, म्हणजे केंद्रकाच्या जागी दोऱ्यांचा गुंता. मध्यावस्था, म्हणजे गुणसूत्रं मधल्या रेषेवर आलेली, एखादी. पश्चावस्था, म्हणजे ती दोन टोकांकडे निघालेली, नशिबाने. आणि मुलांच्या जर्नलमध्ये काय असतं? चारही अवस्था, एका ओळीत, सारख्या आकाराच्या, मध्यावस्थेत गुणसूत्रं लष्करी कवायतीला उभी, पश्चावस्थेत इंग्रजी व्ही अक्षरं नीट दोन्हीकडे वळलेली. पुस्तकातून काढलेलं. काही जण तर मायक्रोस्कोपपाशी येतच नाहीत, आकृती आदल्या रात्री घरी तयार असते, छटा देऊन.

कांद्याच्या पापुद्र्याचंही तेच. पापुद्रा आयोडिनमध्ये ठेवून बघायचा असतो. लांबट पेशी, पेशीभित्तिका, कडेला सरकलेलं केंद्रक, मधली सगळी जागा रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीने, व्यापलेली. एवढंच दिसतं. जर्नलमध्ये मात्र हिरव्या पेन्सिलीने हरितलवकं आलेली असतात. अरे, कांदा पांढरा आहे! जमिनीखाली वाढलेल्या, ऊन न बघितलेल्या त्या पापुद्र्यात हिरवं कुठून येणार? पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही काढतात, आतल्या घड्यांसकट. त्या घड्या दिसायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. आमच्याकडचा हाय पॉवर जेमतेम साडेचारशे पट मोठं दाखवतो. गालाच्या आतल्या पेशी बघतानाही प्रत्येकाला पुस्तकातला सुबक गोल हवा असतो. दिसतात त्या चपट्या, कडा दुमडलेल्या, मिथिलीन ब्लूचा निळा ठिपका मधोमध, आणि आसपास बारीक बारीक बॅक्टेरिया. ते बघून ब्रश न करता आलेल्यांचे चेहरे पडतात.

मागे एका मुलीने जे दिसलं तेच काढलं होतं. साध्या पेशींनी भरलेलं वर्तुळ, एका कोपऱ्यात एक पूर्वावस्था, आणि एक हवेचा बुडबुडा. बुडबुड्याला बाण काढून ‘हवेचा बुडबुडा’ असं लिहिलेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकृती अपूर्ण म्हणून गुण कापले. आमच्या सरांनी वाद घातला, उपयोग झाला नाही. माझ्या मते त्या बॅचमधली तीच एक आकृती खरी होती. साध्या पेशी रिकाम्या बसलेल्या नसतात हा मुद्दा तर परीक्षेत कुणी विचारतच नाही. माणसाची पेशी प्रयोगशाळेत वाढवली तर तिचं एक चक्र साधारण चोवीस तासांचं. त्यातला प्रत्यक्ष विभाजनाचा खेळ तासाभराचा. बाकीचे तेवीस तास वाढ, तयारी आणि डीएनएची नक्कल. माणसाच्या एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि केंद्रक असतं मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान. एवढ्या जागेत तो सगळा धागा अक्षर न अक्षर उतरवून काढायचा. कांद्याला तर आणखी काम. त्याचा जीनोम, म्हणजे एका संचातला सगळा डीएनए, आपल्यापेक्षा सुमारे पाचपट मोठा आहे. का, ते कांद्यालाच ठाऊक. त्याची गुणसूत्रं मात्र सोळाच, मोठी आणि ठसठशीत, म्हणून तर सगळ्या कॉलेजांच्या खिडक्यांत कांदा बसतो.

वाल्थर फ्लेमिंगने १८८२ साली पेशीविभाजनावरचं आपलं पुस्तक छापलं तेव्हा त्याने सॅलॅमँडरच्या अळीच्या पेशी अशाच रंगवून बघितल्या होत्या. अवस्था एकामागून एक कशा येतात, हे मेलेल्या, रंगवलेल्या पेशींवरून लावायचं म्हणजे कोडंच. पण तो बघत राहिला आणि हाताने काढत राहिला. आपल्या पुस्तकांतल्या आकृत्या त्याच चित्रांची नातवंडं आहेत. फरक एवढाच की त्याने आधी बघितलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती. सरांनी एकदा वर्गात सांगितली, मी मागे बीकर धूत होते, पुढे मी शोधून शोधून वाचली.

माणसात गुणसूत्रं किती? ४६, हे आज शाळकरी पोरही सांगेल. पण १९२३ पासून पुढची तीसेक वर्षं सगळं जग ४८ म्हणत होतं. टेक्सासमधल्या थिओफिलस पेंटर या शास्त्रज्ञाने वृषणाच्या ऊतींचे पातळ काप घेऊन मोजणी केली होती. त्यालाही आधी ४६ आणि ४८ यांत नक्की होत नव्हतं, शेवटी त्याने ४८ वर शिक्का मारला. माणूस नावाजलेला, आकडा पुस्तकांत गेला. त्यानंतर ज्याने ज्याने मोजले त्याला ४८ सापडले. कापात गुणसूत्रं एकमेकांवर चढलेली, वेडीवाकडी, काही अर्धी कापलेली. अशा गर्दीत जेवढी हवीत तेवढी सापडतात.

गर्दी पांगवायची युक्ती १९५२ साली सापडली, आणि ती सापडली कुणाच्या तरी चुकीने. टी. सी. शू हे मूळचे चीनमधले, टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनला मानवी पेशींवर काम करत होते. एक दिवस त्यांच्या स्लाइडवर गुणसूत्रं सुटी सुटी, ऐसपैस पसरलेली दिसली. पुन्हा करून बघितलं तर जमेना. एकेक गोष्ट बदलत बदलत बऱ्याच दिवसांनी उलगडा झाला. पेशी धुवायचं मिठाचं द्रावण त्या दिवशी नेहमीपेक्षा पातळ झालं होतं. पातळ द्रावणात पेशी ठेवली की पाणी बाहेरून आत शिरतं, पेशी टम्म फुगते, आणि आतली गुणसूत्रं एकमेकांपासून लांब होतात. द्रावण बनवणाऱ्या एखाद्या मदतनिसाचा माप घेताना हात चुकला असावा, असा शू यांचा अंदाज होता. तो किंवा ती कोण, हे कधीच कळलं नाही. कुणी पुढे येऊन ‘मी केलं’ म्हटलं नाही, आणि का म्हटलं नसेल हे मला चांगलं कळतं. लॅबमध्ये द्रावण चुकलं तर ते कुणी बनवलं याची चौकशी होते, आणि बरोबर झालं तर आपोआप झालेलं असतं.

गंमत पुढेच आहे. इतक्या स्वच्छ स्लाइड हातात असूनही शू यांनी ४८ च मोजले!

मग डिसेंबर १९५५. स्वीडनमधल्या लुंड शहरात आल्बर्ट लेव्हान यांच्या संस्थेत ‘जो हिन त्यो’ नावाचा, जावामध्ये जन्मलेला शास्त्रज्ञ पाहुणा म्हणून आला होता. एरवी तो स्पेनमध्ये झाडांच्या गुणसूत्रांवर काम करायचा. मानवी गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशी त्याने घेतल्या. कोल्चिसिन घालून विभाजन अर्ध्यावर थांबवलं, पातळ द्रावणाने पेशी फुगवल्या, आणि स्लाइडवर दाबल्या, आमची पोरं कांदा दाबतात तशाच. मोजले तर ४६. पुन्हा पुन्हा ४६. १९५६ साली दोघांचा शोधनिबंध आला. त्यात एक वाक्य आहे जे मी फळ्यावर कायमचं लिहून ठेवलं असतं. आशय असा की, आधी लुंडमध्येच काही जण मानवी यकृताच्या पेशींवर काम करत होते आणि त्यांनी ते मधेच सोडलं, कारण त्यांना ४८ गुणसूत्रं काही केल्या मिळेनात, दर वेळी ४६ च भरत होती. म्हणजे उत्तर हातात आलं होतं, आणि प्रयोग फसला म्हणून त्यांनी गाशा गुंडाळला.

आकडा ठरला म्हणून तर तीनच वर्षांत पुढचं पाऊल पडलं. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रं दिसली. एकविसावं एक जास्तीचं. मूळ आकडाच ४८ धरला असता तर ४७ म्हणजे कमी की जास्त, हाच घोळ झाला असता. त्या पेशी वाढवण्याची लॅब उभी केली मार्थ गोतिए या डॉक्टरबाईंनी. सोय इतकी तुटपुंजी की पेशींना लागणारा सीरम त्यांनी स्वतःच्या रक्तातून काढला. शोधाचं श्रेय बरीच वर्षं मुख्यतः दुसऱ्याच्या नावावर राहिलं. यावर मी जास्त बोलत नाही, नाहीतर सर म्हणतील ताई पुन्हा सुरू झाल्या.

पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते, एवढं सहज लिहून गेले, पण आमच्याकडे त्याचा प्रयोग बघण्यासारखा असतो. ऱ्हिओ नावाचं झाड आहे. लांबट पानं, वरून हिरवी, खालून जांभळी, सरकारी कचेऱ्यांच्या कुंड्यांत हमखास दिसणारं. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा पारदर्शक जांभळा पापुद्रा सुटून येतो. तो पाण्यात ठेवून बघितला तर गुलाबी-जांभळ्या षटकोनांची फरशी. रंग पेशीतल्या रिक्तिकेत भरलेला असतो. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेने ब्लॉटिंग पेपरने ओढून घ्यायचा. डोळा भिंगाला लावूनच ठेवायचा. आधी काही होत नाही. मग एका पेशीच्या कोपऱ्यात रंग भिंतीपासून किंचित सुटतो, दुसऱ्या कोपऱ्यात सुटतो, आणि बघता बघता जांभळा गोळा आकसून मधे येतो. भित्तिका जागच्या जागी, षटकोन तसाच. पुन्हा साधं पाणी सोडलं की गोळा फुगतो आणि परत भिंतीला टेकतो. मुलं पहिल्यांदा हे बघतात तेव्हा मोबाइल विसरतात.

तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न: आकसलेल्या गोळ्याच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत काय असतं? निम्मी मुलं ‘पोकळी’ म्हणतात. तिथे बाहेरचं मिठाचं पाणी असतं. पेशीभित्तिका मिठाला अडवत नाही, अडवतं ते तिच्या आतलं पातळ प्रद्रव्यपटल. मी याला माझी एक जोड देते, ती अभ्यासक्रमात नाही. तोच पापुद्रा आधी गरम पाण्यात बुडवून काढायचा आणि मग तसाच प्रयोग करायचा. गोळा आकसत नाही. जांभळा रंगच पसरून बाहेर येतो, पाणी रंगतं. पटल मेलं, पहारा संपला.

हे पटल आहे किती जाड? सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे एक लाख एकावर एक ठेवली तरी मिलीमीटर भरायला मारामार. गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच जोडीने १९२५ साली तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरवली, तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट जागा व्यापून बसली. म्हणजे थर दोन. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी त्यात तरंगणारी प्रथिनं बसवली आणि आजचं चित्र तयार झालं. ती प्रथिनं म्हणजे दारं. पाण्याचं वेगळं दार आहे हे कळायला १९९२ उजाडलं. पीटर ॲग्रे भलतंच काहीतरी शोधत होते, तांबड्या पेशींतलं रक्तगटाचं ऱ्हीसस प्रथिन, आणि सोबत एक अनोळखी प्रथिन पुन्हा पुन्हा येत राहिलं. त्यांनी ते कचरा म्हणून फेकलं नाही. २००३ चं नोबेल त्यालाच मिळालं.

काही दारं ढकलून उघडावी लागतात. दर खेपेला सोडियमचे तीन आयन बाहेर आणि पोटॅशियमचे दोन आत, असा पंप आपल्या प्रत्येक पेशीत अहोरात्र चालू असतो. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांना तो १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंत सापडला. आपण पडून राहतो तेव्हाही खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा या उपशावर जातो. या पंपाने सोडियम बाहेर काढून ठेवलेलं असतं म्हणून ते पुन्हा आत यायला टपलेलं असतं, आणि आतड्यातली पेशी त्याच ओढीचा फायदा घेऊन साखर आत घेते. एकच दार, त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच येतात. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली. दोघं आले की मागोमाग पाणीही येतं.

अकरा वर्षांनी ही कल्पना पश्चिम बंगालमधल्या बनगावला पोचली. १९७१, बांगलादेशची लढाई, सीमेवर निर्वासितांचे लोंढे आणि छावणीत कॉलराची साथ. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, पिंपांत भरला आणि नातेवाइकांनाच रोग्यांना पाजायला सांगितलं. दगावण्याचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. कॉलराचं विष आतड्याच्या पेशीतलं क्लोराइडचं दार सताड उघडं टाकतं, म्हणून पाणी वाहून जातं. हे विष असतं, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्येच दाखवून दिलं होतं. पण सोडियम-ग्लुकोजचं दार ते विष बिघडवत नाही. त्यामुळे एका दाराने जाणारं पाणी दुसऱ्या दाराने परत आणता येतं. आमच्याकडे अजून जुलाब झाले की ‘साखर ताकदीसाठी’ म्हणून घालतात आणि गोड जास्त करतात. साखर तिथे मिठाची जोडीदार म्हणून आहे, आणि जास्त झाली तर उलट पाणी आतड्यात ओढते. लिटरभर पाण्याला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आमच्या लॅबच्या दारावर मी हे लिहून चिकटवलंय.

४६ मोजणाऱ्या त्या त्यो यांनी विभाजन थांबवायला वापरलेलं कोल्चिसिन पावसाळ्यात आमच्या कुंपणावर फुकट उगवतं. कळलावी. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल, पानांच्या टोकाला कुरळा ताणा, आणि कंद जिवावर बेतणारा. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तर्कुतंतू असतात ना, त्यांची जुळणीच कोल्चिसिन होऊ देत नाही. गुणसूत्रं मध्येच अडकून पडतात. सदाफुलीतली द्रव्यंही याच तंतूंवर काम करतात. १९५८ च्या सुमारास कॅनडात नोबल आणि बीअर या दोघांनी तिच्यात मधुमेहाचं औषध शोधता शोधता विन्ब्लास्टिन शोधलं. तिच्यातलंच विन्क्रिस्टिन आज रक्ताचा कॅन्सर झालेल्या लहान मुलांना देतात. कॅन्सरच्या पेशी सारख्या विभागतात म्हणून त्या औषधाच्या तावडीत आधी सापडतात, पण शरीरात इतरही पेशी भराभर विभागतात. बऱ्याच केमोंमध्ये केस गळतात ते त्यामुळेच, केसांच्या मुळाशी रात्रंदिवस विभाजन चालू असतं. आमच्या लॅबच्या मागे सदाफुलीचा ताटवा आहे. तिथे बसून डबा खाणाऱ्या पोरांना हे सांगितलं की ती फुलाकडे जरा संशयाने बघतात. एवढं बरं आहे. पानं तोडून काढा करून प्यायचा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो त्यापेक्षा संशय बरा.

गुणसूत्रांच्या आकड्यांवर मुलांचा एक ठरलेला गैरसमज असतो: जितकी जास्त तितका प्राणी हुशार. त्यावर मी भेकर काढते. कोयनेच्या जंगलात रात्री कुत्र्यासारखं भुंकणारं ते लहानसं हरीण. मादीत गुणसूत्रं सहा, नरात सात, सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाचीच माहीत नाहीत. त्याच्याच चिनी भाईबंदाची मात्र ४६. धागा साधारण तेवढाच, फक्त आपल्या भेकराच्या वाटेवर जुनी गुणसूत्रं एकमेकांना जोडली जाऊन मोठी झाली. गेल्या वर्षी एका मुलाने मागच्या बाकावरून विचारलं, ‘ताई, मग खरोखरचे ४८ कुणाचे?’ चिंपांझीचे, आणि बटाट्याचे. बटाट्याचे म्हटल्यावर वर्गात हशा पिकला. पण परासरणाच्या, म्हणजे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी जाण्याच्या, प्रयोगाला आम्ही तोच तर घेतो. सोलून, एका बाजूला खळगा कोरून, खळग्यात साखरेचं दाट पाणी भरून, पातळी टाचणीने खुणावून बशीतल्या पाण्यात ठेवायचा. तासाभरात पातळी टाचणीच्या वर. उद्या दुसऱ्या बॅचचा तोच प्रयोग आहे आणि मोठे बटाटे आणायचे राहिलेत. लहान घेतले तर कोरताना बूड फुटतं.